सुरतेच्या पांढऱ्या साडीला जांभळी रेघ

नव्वदचं दशक संपत आलेलं. बी.ए. झालेलो, कविता कोणी छापत नव्हतं, जळगावात चैन नव्हतं. तेवढ्यात मावसभाऊ योगेशदादाचा सुरतेहून फोन. मिल सोडली, आता स्वतःच्या साड्या छापून विकणार, तू ये आणि फोटो काढ. डिजिटल कॅमेरा मी फक्त मासिकात वाचलेला. पण वाचलेला पुष्कळ. निघालो.

पॅसेंजरनं गेलात तर सुरतपर्यंत जाऊ नका. उधन्याला उतरा. तिथून दादाच्या गोडादऱ्याला शटल रिक्षा मिळते, भाव आधी ठरवा. वाटेत गरम लोचो, म्हणजे डाळीचा वाफवलेला मऊ खमण, दिसला तर थांबा, तेल वरून जास्त मागा.

माझ्याच शिफारशीवर दादानं फ्लॉपीवर फोटो घेणारा कॅमेरा भाड्यानं आणलेला. मासिकात छापलं होतं, रंग जसेच्या तसे. साडी पांढरी, काठ काळा. नमुना एकच, दुकानं अनेक, म्हणून फोटो ठेवून यायचे. गच्चीवर दोरीला टांगली, मागे लख्ख आभाळ. कॉम्प्युटर क्लासमध्ये प्रिंट काढले, तर काठाच्या एका बाजूला बारीक जांभळी रेघ.

वहिनी म्हणाली, "हाई रेघ कोठून उनी?"

सावलीत पुन्हा काढले. रेघ फिकी झाली, साडीही मळकट दिसायला लागली. मासिक परत उघडलं. नमुन्याचे सगळे फोटो फुलांचे, ढगाळ दिवसातले. काळ्या-पांढऱ्याची कड उन्हात कोणी धरलीच नव्हती. दुसऱ्या मासिकात वाक्यंही जवळपास तीच, कंपनीनंच पुरवल्यासारखी. मला वर बसवेना, खाली बसवेना. ऑर्डर नाही मिळाली तर परत दुसऱ्याच्या लूमवर उभं राहायचं होतं दादाला.

मी जळगावला परत निघालो, दादा तेच फोटो घेऊन बरोबर आला. वाटेत नंदुरबारला एका कापडवाल्या शेठकडे दोघं उतरलो. शेठनं फोटोतल्या रेघेवर बोट ठेवलं. ही जांभळी किनार नवीन दिसते, म्हणाला, चालेल.

दादा, हो म्हण, असं मी मनात म्हणत होतो. दादानं पिशवीतून साडी काढून पसरली.

"शेठ, साडीत नाही ती. कॅमेऱ्यानं घातली."

"मग कॅमेऱ्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. अशी आणशील?"

"आणतो."

कशी, ते त्याला माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "आते छपाईवालाले तूच सांग."

घरी आलो. तेव्हापासून कुठल्याही कॅमेऱ्याचं परीक्षण वाचताना मी आधी बघतो, लख्ख आभाळापुढच्या काळ्या फांदीचा फोटो कुठे आहे; जांभळी रेघ तिथेच उमटते. नसेल तर पान उलटतो.

त्या दिवाळीत दादाकडून आईला साडी आली. जांभळी रेघ बोटभर रुंद, काठाच्या दोन्ही अंगांना. मी फोनवर म्हणालो, दादा, फोटोत तर एकाच बाजूला होती.

"एकाच बाजूला ठेवली असती तर गिऱ्हाईक म्हणालं असतं, छपाई चुकली."