यूम्नाचं जहाज निशानं गायलं

निशा घरत वर्गात आली की शेवटच्या बाकापर्यंत बातमी पोचायची. पोरीचा आवाजच तसा. माइक नसताना मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या मांडीवर जाऊन बसावा, असा. पूर्वी नाटक कंपन्यांचे मालक गावोगाव हिंडून असा आवाज शोधायचे. निशाला तो घरबसल्या मिळाला होता, तोही आजीकडून.

आजी म्हणजे हौसा. पनवेल-उरणकडच्या आगरी लग्नांत ही धवलारीण. भटजी मंत्र म्हणतील तेव्हा म्हणतील. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका विधीचं गाणं, ज्याला धवला म्हणतात, ते हौसाच्या गळ्यातून निघाल्याशिवाय पुढचं पाऊल पडायचं नाही. नवरीचं नाव, आईबापाचं नाव, मामानं काय आणलं, आत्या कशी रुसली, सगळं त्या गाण्यात ओवलं जायचं. लहानपणापासून निशा आजीच्या मागे उभी राहून सूर धरायची. गाव विमानतळासाठी उठलं, घरं नव्या वसाहतीत तीनमजली झाली, दारातला मांडव जाऊन हॉल आले. पण हौसाला बोलावणं यायचं थांबलं नाही.

बारावीच्या वर्गात निशाच्या या विद्येला भलताच उपयोग सापडला. कुणाचा वाढदिवस असो, कुणी नापास होवो, निशा उभ्या उभ्या दोन ओळी जुळवायची. ज्याच्यावर जुळवल्या तोच आधी हसायचा. तिचं स्वतःचं स्वप्नही आवाजाचंच होतं. विमानतळावर सूचना देणारी बाई व्हायचं! "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" हे वाक्य ती आंघोळ करताना इतक्या थाटात म्हणायची, की खालच्या मजल्यावरचे काका हाक मारायचे, "निशा, आमचं विमान सुटलं का गं?" आजीला ही नोकरी समजावून सांगितली तेव्हा म्हातारीनं ती दोनदा ऐकून घेतली. मग म्हणाली, "म्हंजे आपल्याच शेतान आपला आवाज. बरा हाय."

तर जानेवारीत बारावीचा निरोप समारंभ ठरला आणि मनिषा मॅडमनी फिशपॉण्ड निशाकडे सोपवले. दरवर्षी चिठ्ठ्यांवर लिहून आलेल्या कोपरखळ्या स्टेजवरून वाचायच्या, वर्गानं ओळखायचं कोणावर आहे ते. निशा म्हणाली, "मॅडम, वाचण्यात काय मजा? मी गाते. नाव घेऊन गाते."

"कुणाला लागेल असं नको हं."

"लागणार नाही. आमच्याकडे लग्नात अख्ख्या वऱ्हाडाला गातात. लागलं असतं तर जेवून गेले असते का?"

समारंभाच्या दिवशी हॉल गच्च भरला. मुलींच्या साड्या आयांच्या, मुलांचे ब्लेझर भाड्याचे. खुर्च्या आणि साउंड शकीलमामांचे. पनवेलच्या निम्म्या समारंभांना खुर्च्या त्यांच्याच. निशाच्या जिवलग मैत्रिणीचे, यूम्नाचे, ते सख्खे मामा. यूम्नाचे अब्बा कुवेतला, त्यामुळे घरातला मोठा शब्द मामांचा. ते विंगेत बटणं फिरवत बसले होते.

निशानं पदर खोचला आणि मांडवात उभं राहिल्यासारखा सूर लावला. पहिला नंबर विनायकचा. हा दर रविवारी कर्नाळ्याला पक्षी बघायला पळायचा. वनखात्यात जायचं, एवढा एकच ध्यास.

"पाखरांची नावं पाठ, सूत्र एक आठवेना,
कर्नाळ्याच्या रानाला गो याच्यावाचून करमेना!"

हॉल उसळला. विनायकनं उभं राहून शीळ घातली, तीही कुठल्याशा पक्ष्याची. मग मितेश.

"बापाच्या दारी डंपर उभे, मितेश चालवी स्कूटी,
हेल्मेटानं केस मोडले की त्या दिवशी घेतो सुट्टी!"

"केसांवर जाऊ नकोस!" मितेश ओरडला आणि दोन्ही हातांनी केस धरून खाली बसला.

टाळी हे वाईट व्यसन. एक मिळाली की दुसरी हवी, दुसरी मिळाली की त्याहून मोठी हवी, आणि त्या मोठीच्या नादात नट संहितेबाहेरचं बोलून जातो. निशानं सर्वांत सुंदर गाणं शेवटाला ठेवलं होतं. मनापासून, लाडकीसाठी.

"यूम्नाच्या डोळ्यांत गो बाय, न्हावा शेव्याचं पाणी,
पांढऱ्या कपड्यांत जहाजावरती उभी कॅप्टनीण राणी!"

अशी टाळी त्या हॉलनं ऐकली नव्हती. "कॅप्टन! कॅप्टन!" पोरं खुर्च्या बडवू लागली. हसली नाही ती यूम्ना. तिनं विंगेकडे पाहिलं. शकीलमामांचा हात बटणावर होता तिथेच राहिला होता.

यूम्नानं जहाजावर जायचं ठरवलंय, हे सबंध पनवेलात फक्त निशाला माहीत होतं. वडाळे तलावाच्या कठड्यावर बसून, उकडलेल्या शेंगा खाताना तिनं सांगितलं होतं. घरी फार्मसी ठरलेली. मामांच्या मनात मोहल्ल्याच्या तोंडाशी औषधांचं दुकान पक्कं. जहाजाच्या अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा द्यायची, हे यूम्ना अब्बांच्या समोर बसून सांगणार होती. ते फेब्रुवारीत रजेवर आले की. फोनवर नाही, दुसऱ्याच्या तोंडून तर नाहीच. कुणाला सांगू नकोस, असं ती निशाला म्हणाली नव्हती. मैत्रिणीला तेही म्हणावं लागतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

निशानं तिला फाटकाशी गाठलं. हातात दोन आइस्क्रीमचे कप.

"अगं, आवडलं नाही का? सगळ्यांत भारी तुझंच होतं."

"मला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? मी आशीर्वाद दिला तुला!"

"घरी सांगायच्या आधी आशीर्वाद? मामा आज रात्री अब्बांना फोन करणार. ते तिकडे एकटे बसून ऐकणार, की पोरीनं जगाला सांगितलं आणि बापाला नाही." यूम्नाचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "त्यांनी नाही म्हटलं ना निशा, तर ते जहाजाला नसेल. या गोष्टीला असेल."

ती रिक्षात बसली. निशाच्या हातातले दोन्ही कप वितळले.

घरी आजी वालाच्या शेंगा सोलत बसली होती. "काय गो, गायलीस? मना म्हनून दाव." निशानं म्हटलं. मितेशच्या केसांना म्हातारी इतकी हसली की टोपलीतल्या शेंगा सांडल्या. यूम्नाच्या ओळी झाल्या आणि आजीचा हात थांबला.

"इचारलंस का तिला?"

"तू विचारतेस का आजी? तू तर नवरीच्या सासूची पण काढतेस!"

"मी न इचारता गाते?" हौसानं टोपली बाजूला सरकवली. "हलदीच्या आदले सांजेला मी नवरीच्या घरी जाते, ती कशाला? चा प्याला? तिच्या शेजारी बसते नि इचारते, बाय, कोनाचा नाव घेऊ, कोनाचा नको? काय बोलू, काय राखू? एका पोरीचा बाप घर सोडून गेलेला. ती बोलली, नको घेऊ. मी आख्खा लगीन मामाच्या नावावर काडला. कोनाला कललाबी नाय."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कदी आलीस? मांडवान माजे पाटी उबी रातेस, टाल्या पडतान तवा. आदले सांजेला तुजा क्लास असतो." म्हातारीनं पुन्हा शेंग उचलली. "मनातला मांडवान आनायचा, पन तिनं दिला तरच. आता नाव घेतलंस ना, मंग निस्तरायला पन तूच जायचा. मी येयाची नाय."

सकाळी निशा मोहल्ल्यात गेली. शकीलमामा यूम्नाच्या घराखालच्या आपल्या गोदामापुढे केबल गुंडाळत होते. खुर्च्यांच्या उतरंडी मागे छतापर्यंत गेलेल्या.

"या, गाणेवाल्या बाई," ते म्हणाले. हसले नाहीत. "एक सांग मला. ते जहाजाचं खरं, की यमक जुळवलंस?"

वाट मोकळी होती. यमक होतं, एवढं म्हटलं असतं तर यूम्ना सुटली असती. तिला पुन्हा आपल्या वेळेला, आपल्या शब्दांत सांगता आलं असतं. खोटं निशाच्या ओठांपर्यंत आलं, अगदी सुरात. पण यूम्नाला तेही विचारलेलं नव्हतं.

"मामा, ते यूम्नाला विचारा. मला त्यावर बोलायचा हक्क नाही."

"हो का? काल माइकवर होता तो हक्क?"

"कालही नव्हता. तेच सांगायला आले."

मामांनी केबलचा वेढा खांद्यावर टाकला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग वर खिडकीकडे बघून हाक मारली, "यूम्ना! खाली ये बेटा."

यूम्ना आली. निशाकडे न बघता मामांसमोर उभी राहिली आणि सगळं सांगितलं. परीक्षा कोणती, शिक्षण कुठे, किती महिने पाण्यावर राहावं लागतं. पाठ केलेलं भाषण होतं, अब्बांसाठी बसवलेलं. पहिला प्रयोग मामांपुढे झाला. शेवटी म्हणाली, "आणि कॅप्टन नाही. मला इंजिन रूममध्ये जायचंय. ते हिला माहीत नाही, कारण हिनं विचारलं नाही."

निशानं मान खाली घातली.

शकीलमामा एका खुर्चीवर बसले. तरुणपणी ते न्हावा शेव्याला कंटेनर बांधायच्या कामावर होते. "जहाज मी आयुष्यात खालूनच बघितलं," ते सावकाश म्हणाले. "वरून माणसं एवढीशी दिसायची. त्यांत बाई कधी दिसली नाही." थोडा वेळ त्यांनी केबलच्या टोकाशी चाळा केला. "मला भीती वाटते, यूम्ना. खोटं कशाला बोलू? दुकानात तू डोळ्यांसमोर राहिली असतीस. पण काल मी फोन केलेला नाही, करणारही नाही. भाईजान येतील तेव्हा तू सांग, जसं आत्ता सांगितलंस तसं. मी बाजूला बसेन. तुझ्या बाजूनं बोलेन असं नाही म्हणत, बाजूला बसेन."

"बस झालं, मामू."

जिन्यापाशी निशा कशीबशी म्हणाली, "रागावलीस?"

"खूप. बारावीची परीक्षा होईपर्यंत रागावणार आहे. केमिस्ट्रीची उजळणी मात्र तुझ्याबरोबरच करायची, अम्मीनं जेवायला पाया-रस्सा करायचं ठरवलंय शुक्रवारी. येशील?"

"येईन."

"गाऊ नकोस."

"नाही गाणार."

आणि पोरीनं शब्द पाळला. फेब्रुवारीत अब्बा रजेवर येऊन गेले, मग बारावीची परीक्षा झाली. यूम्ना त्याबद्दल बोलली नाही आणि निशानं विचारलं नाही. किती कठीण गेलं असेल! तिच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

एप्रिलात कोळख्याला एका लग्नाच्या हळदीच्या आदल्या संध्याकाळी हौसा निघाली, तेव्हा निशा चपला घालून आधीच दारात उभी होती. नवरीशेजारी आजी बसली, आजीशेजारी नात. म्हातारीनं हळूच विचारलं, "बाय, काय बोलू नि काय राखू?" नवरीनं आधी दाराकडे पाहून घेतलं. मग आजीच्या कानाला लागून बोलली, आणि मध्येच रडली. एवढा आवाज गळ्यात असलेली निशा भिंतीला टेकून नुसती ऐकत राहिली. तेवढ्यात तिचा फोन थरथरला. ती ओटीवर आली. वरून एक विमान उतरत होतं.

"ऐक," यूम्ना म्हणाली. "अब्बा आले होते तेव्हाच बोलणं झालं, प्रवेश परीक्षेला बसायचं ठरलं. राग संपला, म्हणून आता सांगते. फार्मसीचा अर्जही भरायचा आहे, अब्बांनी दोन्ही सांगितलंय. जे लागेल ते. मामू सबंध वेळ बाजूला बसले होते, एक शब्द बोलले नाहीत, नुसते चहा पीत राहिले." ती जरा थांबली. "आता गा."

निशाच्या गळ्याशी सूर आला. तिनं तो तिथेच अडवला.

"काय घालू नि काय राखू?"

पलीकडे यूम्ना हसली. "इंजिन घाल. फार्मसी राख. बाकी तुझं तू बघ, गाणेवाल्या बाई."