जातं लग्नाला गेलं होतं

लेकीचं लग्न तोंडावर आलेलं असताना कुणी शहाणी बाई सहलीला निघते का? मी निघाले. त्याचं सगळं खापर माझ्या सासूबाईंच्या डोक्यावर.

झालं असं, की ऋचाच्या हळदीसाठी डेकोरेटरने एक सोनेरी रंगाचं जातं आणून दाखवलं. फोटोत फार छान येतं म्हणाला. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, ते एका हाताने उचललं, उलटं केलं आणि नखाने खरवडलं. आत थर्माकोल निघाला. त्या दिवशी डेकोरेटर चहा न घेताच गेला.

आईंचं खरं जातं निमवाडीच्या संग्रहालयात आहे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ते ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते माहेरच्या गावाला देऊन टाकलं. आता त्यांनी जाहीर केलं, की नातीची हळद त्याच जात्यावर दळायची आणि ती आपणच दळणार.

जात्याला कुणाची ना नव्हती. पण आईंनी दळण्याला मालूकाकूंची होती. मालूकाकू म्हणजे आईंच्या धाकट्या जाऊ, सातपूरला राहतात आणि आमच्या घराण्याचं सगळं शास्त्र त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी फोनवर सांगितलं, की हळदीला पाच सवाशिणी लागतात, भाऊजी गेल्यापासून वहिनींचा हात चालत नाही, तेव्हा त्यांनी लांबूनच बघावं. एरवी रिक्षावाल्याशी भांडताना आईंचा आवाज चौकापर्यंत जातो. त्या दिवशी फोन ठेवला आणि मुकाट्याने लसूण सोलत बसल्या. मला काकूंचा असा संताप आला म्हणून सांगू! पण लग्नघर, काय बोलणार?

तर रविवारी सकाळी आम्ही तिघं निघालो, जातं आणायला. आमचे हे गाडी चालवत, मी शेजारी याद्या करत, मागे आई आणि त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी. पिशवीत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, हळकुंडं, घरूनच फोडून आणलीत. म्हटलं, जातं घरी आणणार आहोत ना? तर म्हणाल्या, असू दे.

तुम्हाला जायचं असेल तर आग्रा रोड सरळ धरा. ओझर, पिंपळगाव, वडाळीभोई, चांदवड. मिसळ निघतानाच नाशकात खाऊन घ्या, पुढे भूक लागली की माणसं चिडकी होतात (अनुभव). चांदवडच्या पुढे आत वळायचं आणि वळल्यावर नकाशा बंद करायचा. आम्ही केला नाही. नकाशात बोलणाऱ्या बाईने आम्हाला एका कांद्याच्या चाळीत नेऊन सोडलं आणि आपण मुक्कामी पोहोचलो आहोत असं जाहीर केलं. चाळीतला शेतकरी शांतपणे म्हणाला, संग्रहालयाला आले ना, समदे आधी हितंच येतात. त्याने हाताला लागतील तेवढे कांदेही दिले.

संग्रहालय जुन्या जकात नाक्याच्या इमारतीत आहे. दोन खोल्या आणि ओटा. तिकीट नाही, पेटी आहे. आत गेले आणि मला वाटलं चोरी झाली. अर्धी कपाटं रिकामी! प्रत्येक रिकाम्या जागी एक चिठ्ठी. समई, गृहप्रवेशाला गेली आहे. घंगाळ, बारशाला. तलवार, वाढदिवसाचा केक कापायला. भिंतीवर एका कोऱ्या चौकोनात लिहिलेलं, "हात लावू नये ही पाटी जिलबीच्या टेबलावर ठेवायला नेली आहे."

हे सगळं भामरे सरांचं डोकं. सर शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त झाल्यावर हे उघडलं. सुरुवातीला गावात कुणी चमचाही देईना. दिलं की गेलं, ही भीती. मग सरांनी नियम केला, की वस्तू द्या आणि घरी कार्य निघालं की घेऊन जा, दुसऱ्याची पाहिजे असेल तर तीही न्या. आता अख्ख्या गावाने वस्तू दिल्या आहेत आणि संग्रहालयात काही टिकत नाही. आम्ही काय बघायचं मग, असं मी जरा तिरकसच विचारलं. सर गंभीरपणे म्हणाले, "पितृपक्षात या ना. सगळा माल घरी असतो."

आईंच्या जात्याच्या जागी चिठ्ठी होती, लग्नाला गेले आहे.

पण ते दुपारी परत येणार होतं, कारण रविवारी इथे परतसभा भरते. ही तुम्ही चुकवूच नका. ज्याने वस्तू नेली त्याने ती सगळ्यांसमोर परत करायची, तिकडे काय काय झालं ते सांगायचं आणि वस्तू चालवून दाखवायची, म्हणजे मोडलीबिडली नाही हे कळतं. ओट्यावर सतरंज्या, समोर निम्मं गाव. घंगाळवाल्याने कबूल केलं, की बाळाच्या आंघोळीऐवजी त्यात बर्फ टाकून कोल्ड्रिंक ठेवलं होतं. सभेने त्याला घंगाळ चिंचेने घासायची शिक्षा दिली. तलवारवाल्याचा केक तर तलवारीलाच चिकटून घरभर फिरला. मी हसून हसून बेजार, आणि आमचे हे मोबाइलवर नातेवाइकांना चित्रफिती पाठवण्यात गर्क.

मग ट्रॉलीतून जातं आलं, सुमनबाईंच्या पुतण्याच्या लग्नाहून. सुमनबाई गावातल्याच, आडव्या बांध्याच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आईंनी जात्याच्या कडेवरून हात फिरवला. भामरे सरांनी मात्र वही उघडली आणि ओशाळले. ऋचाच्या हळदीच्या दिवशी जातं दुसऱ्या घरी ठरलेलं होतं.

मी यांच्याकडे बघितलं. देणाऱ्याच्या घरचा हक्क पहिला, फक्त आधी कळवायचं, एवढी साधी गोष्ट होती आणि ती यांच्याकडे सोपवली होती. यांनी कळवलं होतं म्हणे. गावाच्या ग्रुपवर, फुलांच्या सुप्रभातच्या चित्राखाली. सरांनी शोधून काढलं. मेसेज होता. त्याला गावाने भरभरून हात जोडले होते आणि वाचला कुणीच नव्हता.

आईंनी पिशवी पोटाशी धरली. घरी लसूण सोलताना झाला होता तसा चेहरा. मला तिथल्या तिथे यांना त्या ट्रॉलीत घालून कुठेतरी पाठवावंसं वाटलं. तेवढ्यात सरांनी नेहमीप्रमाणे जातं तपासायला मूठभर ज्वारी मागवली आणि आई म्हणाल्या, थांबा, तपासायला दाणे माझ्याकडे आहेत. पिशवी घेऊन जात्यापाशी बसल्या. खुंटा ठोकून घट्ट केला. आणि मग हात तसाच ठेवून समोरच्या सगळ्या बायकांकडे बघितलं.

"ही माझ्या नातीची हळद आहे. मला मालक नाहीत. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा."

मागे दोघी कुजबुजल्या. मला वाटलं, संपलं, इथेही मालूकाकू निघाल्याच. तर सुमनबाई उठल्या, पदर खोचला आणि आईंच्या समोर बसकण मारली.

"आजी, आपल्याला जातं तपासायचं हाय," त्या म्हणाल्या. "तुमचं कुंकू नाय तपासायचं. घाला वैरण."

दोघींनी खुंटा धरला आणि जातं फिरलं. मला रडू आलं आणि पाठोपाठ धडाधड शिंका आल्या, कारण वारा नेमका माझ्याकडे होता. सगळी सभा शिंकायला लागली. सुमनबाईंनी दळता दळता ओवी रचली, त्यात आमच्या यांचं नाव, त्यांचा मोबाइल आणि त्यांची अक्कल असं सगळं गुंफलं. बायका ओवी पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होत्या. सरांचा चष्मा पिवळा झाला. आई मात्र मान खाली घालून दळत होत्या आणि हसत होत्या. बाबा गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. शेवटी सरांनी जातं उत्तम चालत असल्याचं जाहीर केलं.

परतताना चांदवडच्या अलीकडे ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. तिखट आहे, आधी सांगा. आईंनी भाकरी चुरून खाल्ली आणि वर ताकही मागितलं.

या सहलीतून उरलं काय, तर गाडीच्या सीटवरचा डाग, जो कशानेही जात नाही, चाळीतले कांदे आणि एक डबा हळद. मी गेले होते दगड आणायला आणि दगड तिथेच राहिला, याचं आता मला काहीच वाटत नाही. गावाने वस्तू सांभाळण्यापेक्षा वापराव्यात, हे भामरे सरांचं म्हणणं मला पटलंय. आमची खलबत्त्याची जोडी पुढच्या खेपेला देणार आहे.

हळदीच्या दिवशी पाच सवाशिणींनी शेवटी डेकोरेटरचाच सोनेरी थर्माकोल फिरवून फोटो काढले. वाटीत आमची हळद होती. मालूकाकूंनी वास घेतला आणि कौतुकाने विचारलं, कुठून आणली? आमचे हे घाईघाईने म्हणाले, संग्रहालयातून. काकू दचकल्या. म्हणजे किती जुनी?

"मागच्या रविवारची," आई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाल्या. "मी दळलीय."

पाटावर बसलेल्या ऋचाने मान वळवली आणि म्हणाली, "आजी, मग पहिली तूच लाव."

सगळे काकूंकडे बघू लागले. काकूंनी वाटीत बोट बुडवलं, चिमटीत चोळलं, पुन्हा चोळलं.

"जरा जाडसरच दळलीये," त्या म्हणाल्या आणि वाटी आईंच्या पुढे धरली. "घ्या वहिनी. हळू लावा, पोरीला टोचेल."