मेलवरचे काका

अमेरिकेत, नोव्हाय गावात आमच्या अपार्टमेंटमागे एक छोटं तळं होतं. मी एक लांब, अरुंद, जुनी फायबरची होडी विकत घेतली आणि आठवड्यातच ती दगडावर आपटून तळाला भेग पडली. नागपूरहून आलेले बाबा रविवारी रात्री परतणार होते. त्याआधी त्यांना एकदा होडीत बसायचं होतं. दुरुस्तीच्या दुकानाने पुढच्या आठवड्याची तारीख दिली. म्हणून मी पत्ता देऊन मराठी मंडळाच्या ई-मेल ग्रुपवर मदत मागितली.

मदत सोडून सगळं आलं. एकाने होडी विकायला सांगितलं, दुसऱ्याने आधी घर घ्यायला. सर्वांत लांब मेल पूर्ण कॅपिटल अक्षरांत होती आणि खाली फक्त ‘काका’ अशी सही.

शनिवारी सकाळी तेच काका दारात उभे होते. एका हातात पॉलिश पेपर, दुसऱ्या हातात चिवड्याचा डबा. दुपारपर्यंत त्यांनी भेगेच्या कडा घासल्या. मी भेग बुजवणारं चिकट रेझिन लावताना त्यांनी त्यावरचं फायबरचं कापड ताणून धरलं. एकही सूचना केली नाही.

“काका, मेलवर तर तुम्ही केवढं लिहिलं होतं!”

“अरे, मेलवर दुसरं काय देता येतं?”

रविवारी सकाळी ते पुन्हा आले. होडी पाण्यात सोडली. तळ कोरडा राहिला.

“चला, आधी तुम्ही बसा,” बाबा त्यांना म्हणाले.

“छे हो! मला पोहता येत नाही. आणि दुरुस्ती कोणी केलीय, ते मला माहीत आहे.”

बाबांना इतकं हसू आलं, की होडीत पाय टाकताना मला त्यांचा हात धरावा लागला.