तीन जिने चढून आलेलं सरकार

पहिली आली सरकारी दवाखान्याची नर्सबाई. मागून आशाताई धापा टाकत, ती आमच्या धुळ्याकडचीच. बायांनो, इथे परराज्यात, पांडेसऱ्याच्या वस्तीत, तीन जिने चढून माझं बीपी बघायला आल्या.

नर्सबाई गुजरातीत म्हणाली, "बा, बराबर छे." म्हणजे, आई, ठीक आहे.

मी म्हटलं, "दुसऱ्या हातालाही बघ ना माय." हसली, पण बसली. चहा झाला. आठवडाभर घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नव्हता.

मुलगा फोनवर म्हणतो, "आई, सरकारनं माणसं कमी करावी." दुकानाच्या परवान्यासाठी त्याला किती फिरवलं, म्हणून मलाही पटतं. पण ह्या दोघींना कमी केलं तर माझ्याकडे कोण येईल? मला दोन्ही खरं वाटतं. तुम्हाला?

येत्या मंगळवारी परत येतो म्हणाल्या.