येटो एरर

ठाण्याच्या हेड ऑफिसातून फोन आला की पलीकडचा इंजिनिअर नमस्काराच्या आधी तेच म्हणायचा, "मॅडम, तो येटो एरर अजून येतोय."

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीच्या गेटवर ट्रकचं वजन करायचा काटा आहे. काट्याच्या केबिनमध्ये एक जुनापुराणा कॉम्प्युटर. तो ठाण्याच्या नव्या नेटवर्कला जोडायचं काम मी मागून घेतलं होतं. एरवी माझा धंदाच तो, म्हाताऱ्या मशीनना नव्या वायरी लावायच्या. पण या काट्यावर माझा दादा नोकरीला होता, आणि वजनाचा तो प्रोग्राम त्याने लिहिलेला. जोडणी जमली नाही तर तो प्रोग्राम भंगारात जाणार, हे मला ठाऊक होतं.

कॉम्प्युटर इतका जुना की नेटवर्कची वायर घालायला त्याला जागाच नाही. मागच्या एका जुन्या सॉकेटला मी छोटी डबी बसवली, डबीतून वायर ऑफिसात नेली आणि वजनाचे आकडे ठाण्यात दिसायला लागले. मी खूश. संध्याकाळी ऑपरेटरने प्रोग्राम बंद केला, आणि ठाण्याच्या स्क्रीनवर सगळं लाल झालं. आकड्यांच्या मागोमाग एक शब्द तिकडे पोचला होता.

त्या मशीनला देवनागरी येत नाही, म्हणून दादाने तो इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. वाय, ई, टी, ओ. इंग्रजी अक्षरं दिसली की आपली मराठी माणसंसुद्धा इंग्रजीच वाचतात. येटो. एकाने इंटरनेटवर शोधलं, एकाने हा जपानी व्हायरस असावा असा मेल टाकला. मला आधी हसू फुटलं. मग रडू आलं ते काही केल्या थांबेना.

येतो. घरातून निघताना आपल्याकडे कुणी जातो म्हणत नाही. लहानपणी चुकून म्हटलं तर आई पाठीत धपाटा घालायची. दादा तर मशीन बंद करतानाही येतो म्हणायचा, आणि पुढे मशीनलाच त्याने ते शिकवून ठेवलं. शेवटच्या दिवशी आमच्या कोपरच्या घरातून तो येतो म्हणून निघाला. आई पोळ्या लाटत होती, मागे न वळताच तिने ये म्हटलं. दुपारी केबिनमध्ये त्याच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलपर्यंतही पोचला नाही.

तेव्हापासून आई कुणालाच ये म्हणत नाही. मी येते म्हटलं की माझ्या खांद्यावरची पर्स उगाच नीट करते. आणि दादाबद्दल कुणी विचारलं तर मी, तो आता नाही, एवढंच सांगते. लोक जो शब्द सहज वापरतात, तो माझ्या तोंडून निघत नाही.

तुमच्या बाजूने तेवढा शब्द गाळता येईल का, असं मी ठाण्याला विचारून पाहिलं. सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं, एका काट्यासाठी ते काही बदलणार नाहीत, असं उत्तर आलं. आज एरर काढा, नाहीतर उद्या नवा कॉम्प्युटर आणि नवा प्रोग्राम. मी फोनवर जरा जास्तच चिडले. त्या बिचाऱ्याला कळलंच नाही, एवढं चिडण्यासारखं काय झालं. दादाचं काम वाचवायचं तर त्याचा शब्द मलाच पुसायचा होता.

संध्याकाळी ऑपरेटरला म्हटलं, आज मी बंद करते. काळ्या स्क्रीनवर ती हिरवी अक्षरं आली.

"ये," मी म्हणाले.

ऑपरेटरला वाटलं मी त्यालाच बोलावलं. तो जवळ येऊन उभा राहिला. मी त्याला चहा आणायला पाठवलं, प्रोग्राममधली ती ओळ शोधली आणि पुसली. पुन्हा सुरू करून पुन्हा बंद केलं. स्क्रीन नुसतीच काळी झाली.

लगेच फोन वाजला. ठाण्यात सगळं हिरवं दिसत होतं, तरी खात्री करून घ्यावी म्हणून त्याने विचारलं, "मॅडम, गेला ना?"

काढला म्हणता आलं असतं, मिटला म्हणता आलं असतं.

"गेला," मी म्हणाले.