उजव्या वळणावरचं तेल

टेमघरच्या धम्मपाल मिस्त्रीचा तसा कुणावरच भरवसा नव्हता. घरी आलेलं दूध तो आधी बोटावर घेऊन बघायचा. सीलबंद डब्यातलं ऑइलसुद्धा अंगठ्यानं चोळल्याशिवाय इंजिनात ओतायचा नाही. एका डॉक्टरनं गोळी लिहून दिली की ती चिठ्ठी दुसऱ्या डॉक्टरला दाखवून यायचा. त्याची बायको द्रौपदी पाहुण्यांना हसत सांगायची, "लग्नात सही करताना यांनी माझं नाव दोनदा वाचलं. म्हटलं, बाबा, तीच आहे मी, बदलली नाही कुणी."

माणूस मुळात वाईट नव्हता, धंद्यानं तो असा झाला होता. भिवंडीजवळ दापोड्याच्या गोदामांमागं त्याचं गॅरेज होतं आणि तीस वर्षं त्याचे हात ट्रकच्या इंजिनांत होते. ट्रकमधून काय काय नाहीसं होतं ते त्याच्याइतकं कोण जाणणार? डिझेल नळीनं निघतं, नव्या बॅटरीच्या जागी जुनी येऊन बसते, आणि काल भरलेलं चांगलं ऑइल आज भलत्याच गाडीच्या पोटात असतं. त्यामुळे तेलाचं प्रेशर पडलं म्हणून कुणी गाडी आणली की धम्मपालचं निदान बॉनेट उघडायच्या आधीच ठरलेलं असे: कुणीतरी हात मारला. दहातल्या आठ वेळा ते खरंही निघे. मग खोड जाणार कशी?

या संशयातून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे लडकू. कशेळीचा लडकू पत्र्याच्या आणि वेल्डिंगच्या कामातला वस्ताद. दोघं बावीस वर्षं एका छपराखाली राबले, एका डब्यात जेवले. लडकूनं आणलेलं सुकट धम्मपालनं कधी हुंगून पाहिलं नाही, आणि गॅरेजची दुसरी किल्ली लडकूच्याच करगोट्याला असायची. सगळ्या जगाशी सावध राहून दमलेल्या माणसाला निदान एका ठिकाणी तरी डोळे मिटता यावेत, तसं ते होतं. लडकू त्याला या विसाव्यासाठीच हवा होता, वेल्डिंग तर काय, कुणीही केलं असतं.

आणि मग मृणालीची गाडी आली.

मृणाली ही गोदामांचे मालक भाऊशेठ यांची मुलगी. तिला वेगाचं वेड. एक जुनी छोटी गाडी घेऊन, मागची सीट काढून, तिनं ती ट्रॅकवर पळवायला तयार केली होती. गुजरातेत कुठेतरी गोल-वाकडा ट्रॅक होता, तिथे समोरून येणारं कुणी नाही, खड्डा नाही, रिक्षा नाही. इंजिन बांधायला तिनं शहरातली मोठी नावं सोडून धम्मपालला धरलं. "काका, लहानपणापासून बघतेय. तुमच्या हातचं इंजिन परत येत नाही," असं म्हणाली. धम्मपालला बरं वाटलं, पण ही पोरगी गोड का बोलते, याचाही त्यानं दोन दिवस विचार केला.

इंजिन परत आलं, आणि तेही ट्रॅकवरून ट्रेलरवर, जाम होऊन. उघडून पाहतो तर क्रँकची बेअरिंगं करपून काळी पडलेली. ते इंजिन तेलावाचून मेलं होतं, यात दुमत होण्यासारखं काही नव्हतं. गंमत अशी की पट्टी बुडवून पाहिली तर तेल खुणेपर्यंत भरलेलं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या बुडाशी तेल साठतं त्या पत्र्याच्या पेटीत, पुरं तेल आहे आणि बेअरिंग मात्र कोरडं मेलं.

दुसरा कुणी असता तर डोकं खाजवत बसला असता. धम्मपालनं क्षणात ताळा जमवला. तेल होतं मृणालीच्या पसंतीचं, परदेशी, भलतं महाग. कुणीतरी ते काढून घेतलं आणि जागेवर वापरलेलं स्वस्त तेल भरून ठेवलं. पातळ तेल तापलं, प्रेशर पडलं, बेअरिंग गेलं. आता फक्त कोणी, एवढंच शोधायचं राहिलं.

पहिला नंबर ट्रेलर चालवणाऱ्या रामूचा लागला. पण रामू वाटेत कुठे थांबला नव्हता, आणि मृणाली स्वतः त्याच्या शेजारी बसून गेली होती. मग उरला कोण? तेल भरलं कुणी होतं? डब्याचं झाकण उघडून, नरसाळं लावून, शेवटचा थेंब निथळेपर्यंत उभा कोण होता?

धम्मपालनं तो विचार झटकला. जेवताना तो परत आला. लडकूनं मध्यंतरी स्वतःच्या मोटरसायकलचं तेल बदललं होतं, ते आठवलं. त्या दिवशी मिस्त्रीनं लडकूच्या डब्यातलं कालवण घासाआधी हुंगलं, आणि आपण काय केलं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. लडकूच्या आलं असावं, कारण तो मध्येच हात धुऊन उठला.

नवं इंजिन बांधून झालं. तेल धम्मपालनं स्वतः भरलं. मग द्रौपदीची लाल नखपॉलिशची बाटली आणून चेंबरखालच्या बोल्टवर, जिथून तेल काढतात तिथे, बोल्ट आणि पत्रा दोन्हींवरून जाईल अशी बारीक रेघ ओढली. बोल्ट जराही फिरला तर रेघ तुटणार. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी रेघ तुटलेली होती.

गाडीखाली आडवा पडलेला धम्मपाल बराच वेळ त्या बोल्टकडे बघत राहिला. रागापेक्षा त्याला भीतीच जास्त वाटली. बावीस वर्षं आपण डोळे मिटून होतो, तेव्हा काय काय गेलं असेल? बाहेर आला तेव्हा लडकू पाना पुसत समोरच उभा होता.

"धम्मा, त्या बोल्टाचा मी तुला..."

"माहीत आहे मला. कितीला विकलंस?"

लडकूला आधी कळलंच नाही. मग जमिनीवर ठेवलेली नखपॉलिशची बाटली त्याला दिसली. पत्र्याचं काम करणारा माणूस, त्याला रेघेचा अर्थ कुणी सांगायला नको होता.

"माझ्यासाठी रेघ मारलीस?" एवढंच तो म्हणाला. करगोट्याची किल्ली सोडायला त्याला वेळ लागला, गाठ जुनी होती. ती टेबलावर ठेवून तो गेला.

धम्मपालनं तेल पुन्हा काढलं, नवं भरलं. काढलेलं तेल अंगठ्यानं चोळून पाहिलं, तर ते चांगलंच निघालं, महागवालंच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण संशयी माणसाच्या मनात त्याहून लख्ख चांदणं असतं. तो मनाशी म्हणाला, अर्धं काढलं असेल, आणि वेळ मिळाला नसेल पुढचं करायला.

या खेपेला तो स्वतः ट्रॅकवर गेला. वाटेत रामू चहाला उतरला तरी हा गाडीला हात लावून उभा. ट्रॅकवर गाडी उतरवली तीही याच्या डोळ्यांदेखत. मृणालीनं दोन फेऱ्या मारल्या आणि तिसरी अर्धवट टाकून आत आली.

"काका, तेलाचा लाल दिवा लागला. मी लगेच पाय काढला."

"सारखा लागला?"

"नाही. लागला आणि गेला. त्या लांबलचक उजव्या वळणावर. दोन्ही वेळा तिथेच."

पट्टी काढून पाहिली तर तेल खुणेपर्यंत. बोल्टवरची नवी रेघ अखंड. गाडीजवळ कुणी आलं नव्हतं. तरी धम्मपालचं मन हार जाईना. जाण्यापूर्वी लडक्यानं आत काहीतरी करून ठेवलंय, तेल ओढणारी नळी ढिली केली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. हत्यारांच्या पेटीत ट्रकचं प्रेशर मीटर होतं, ते त्यानं नळी जोडून डॅशबोर्डला बांधलं आणि हेल्मेट मागितलं. सरावाच्या दिवशी शेजारी माणूस बसवायला तिथे परवानगी होती.

"काका, चक्कर येईल तुम्हाला," मृणाली म्हणाली.

"येऊ दे. मला काट्यावर नजर ठेवायची आहे. मी आत असताना कोण काय करतो बघतोच."

सरळ रस्त्यावर काटा चार किलो दाबावर ठाम होता. पुढे ते उजवं वळण आलं. संपतच नव्हतं ते. धम्मपालचं सगळं अंग डावीकडे ढकललं गेलं, खांदा दारावर चेपला, गाल हेल्मेटच्या कडेला लागला. तशा अवस्थेत त्यानं काट्याकडे पाहिलं. काटा चारवरून दोनवर आला, एकवर आला, आणि शून्याला टेकला. एक सेकंद. दोन. लाल दिवा लागला.

"पाय काढ!" तो ओरडला.

वळण सुटलं, अंग सरळ झालं, आणि काटा आपोआप वर चढला.

मृणालीनं गाडी कडेला घेतली. धम्मपाल चेपलेला खांदा चोळू लागला. गाडीत ती होती आणि तो होता, तिसरं कुणी नव्हतं. त्याला दारावर कुणी ढकललं होतं? ज्यानं त्याला ढकललं, त्यानंच चेंबरमधलं तेल डाव्या भिंतीला नेऊन चेपलं होतं. ओढणारी नळी मधे उघडी पडली, तेलाऐवजी हवा प्याली, आणि तेवढ्या दोन सेकंदांत बेअरिंग कोरडं झालं. गाडी उभी राहिली की तेल मुकाट्यानं परत खाली. पट्टी म्हणणार, खुणेपर्यंत आहे.

तीस वर्षांत त्याला हे दिसलं नव्हतं, आणि दिसणार तरी कसं? कशेळीच्या पुलावर ट्रक अर्धा तास जागचा हलत नाही. भिवंडीच्या गाड्यांत तेल बुडाशी निजलेलं असतं. तिथे ते कमी झालं तर चोरच शोधायचा असतो. हे सगळं त्याला पटलं. चोर नव्हताच.

दुसऱ्या दिवशी तो चेंबर गोणपाटात गुंडाळून कशेळीला गेला. लडकू घरापुढं कुणाच्या तरी खिडकीची ग्रील जोडत होता. त्याची बायको गुणाबाई पाणी घेऊन आली, तांब्या खाली ठेवून आत गेली. धम्मपालनं जमिनीवर बसून सगळं सांगितलं, वळण, काटा, दोन सेकंद. काही लपवलं नाही, आपण काय काय समजलो होतो तेही नाही.

"तो बोल्ट," शेवटी त्यानं विचारलं.

"थेंब धरत व्हता. पाव आटा आवळला, थांबला. त्याच सांगाया आलू व्हतू." लडकूनं ग्रील बाजूला ठेवली. "तू इचारलंस न्हाय, धम्मा. तू भाव इचारलास."

धम्मपालनं चुकलो म्हणायला तोंड उघडलं, तर लडकूनं हात पुढं करून चेंबर मागून घेतला. त्यात तांब्यातलं पाणी ओतलं, एका अंगाला कलता धरला. पाणी धावत कडेला गेलं, मधला पत्रा उघडा पडला.

"ह्याला उघाडी पायजे," तो म्हणाला.

खाडीच्या शेतांना बांध असतो आणि बांधात लाकडी झडप असते, ती उघाडी. भरतीचं पाणी आत येऊ लागलं की ती आपोआप मिटते, ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर सोडते. पाण्याला एकाच दिशेनं जाऊ द्यायचं, माघारी नाही. लडकूच्या बापजाद्यांनी जन्मभर हेच केलं होतं. त्यानं नळीभोवती पत्र्याच्या चार भिंतींची खोली बांधली आणि प्रत्येक भिंतीला बिजागरीवर एक झडप टांगली. तेल नळीकडे येताना झडप उघडेल, पळून जाऊ लागलं की मिटेल. त्याला तीन दिवस लागले. प्रत्येक झडप त्यानं बोटानं शंभरदा हलवून पाहिली, कारण एक जरी अडकली तर सगळंच फुकट.

मृणालीनं वर आणखी एक नळकांडं मागवलं. त्यात एक लिटर तेल हवेच्या दाबाखाली भरून ठेवायचं, प्रेशर पडलं की ते आपणहून इंजिनात जातं. डॅशबोर्डवर काट्याच्या शेजारी मुठीएवढा लाल दिवाही बसला. धम्मपालनं एकेक सांधा तपासला. लडकूचं वेल्डिंग मात्र त्यानं तपासलं नाही, हात तिकडे गेला तरी मागे घेतला.

ट्रॅकवर मृणालीनं त्या दिवशी वीस फेऱ्या मारल्या. धम्मपाल पहिल्या पाच फेऱ्या शेजारी बसला. उजव्या वळणावर तो दारावर आदळत होता आणि काटा साडेतीनच्या खाली यायला तयार नव्हता. पाचव्या फेरीला तो हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसला. मृणालीला वाटलं, काकांना चक्कर आली.

परतल्यावर तो घरी न जाता थेट कशेळीला गेला. लडकू ओट्यावर बसला होता. सगळं ऐकून त्याचा चेहरा फुलला, काटा कुठवर आला ते त्यानं तीनदा विचारलं. झडपा वाजत होत्या का, तेही विचारलं. बऱ्याच दिवसांनी दोघं पूर्वीसारखे बोलत होते.

"मग उद्या ये," धम्मपाल म्हणाला. खिशातून त्यानं किल्ली काढली.

लडकूनं किल्लीकडे पाहिलं, हात पुढं केला नाही.

"काम आनून दे, हितं करून दीन. तुला कवा न्हाय म्हननार न्हाय. पन त्या छपराखाली मी आता येनार न्हाय."

"मी चुकलो म्हणतोय ना, लडक्या."

"म्हनतोस, आन ते खरा हाय. पन परत काय कमी पडला, तर तुझी नजर पयली माझ्याकडं येईल. तू आवरशील, पन येईल. मना ती परत बघायची न्हाय."

गुणाबाईनं दोघांपुढं चहा ठेवला. धम्मपालनं कप उचलला आणि लडकूकडे पाहिलं. दुसरं कुणी असं बोललं असतं, तर यामागं काय आहे, हा रुसलाय की भाव वाढवतोय, असे दहा फाटे त्यानं फोडले असते. लडकूच्या या बोलण्याबद्दल मात्र त्याच्या मनात तसूभरही शंका आली नाही.