पायातली ताकद

शालनआक्कांना कुणी नुसतं ‘झालंय’ म्हटलेलं चालत नसे. टिळकवाडीत त्या आमच्या शेजारी एकट्या राहायच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सारी हयात गेलेली. नळ दुरुस्त करणारा ‘झालंय आक्का’ म्हणाला, की त्या म्हणायच्या, “झालंय का न्हाय ते मी सांगते. तू थांब.”

दर रविवारी त्या आपली जुनी गाडी घेऊन सदलग्याला जायच्या. तिथं थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. तिला न्हाऊ घालायचं काम आक्कांचं. आणि ती गाडीच बिघडली. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी इंजिनाची रेस उतरेना. सिग्नलला उभी असली तरी घोंघावत राहायची. गॅरेजवाल्या महादेवनं स्क्रू फिरवून रेस उतरवली. आठवड्यात पुन्हा चढली. मग त्यानं हवेचा मार्ग साफ केला, सेन्सर बदलला. पुन्हा तेच.

“ताप दाबलास तू,” आक्का चिडून म्हणाल्या. “ताप कशाचा ते बघितलास काय?”

ब्रेक दगडासारखा लागतोय, हेही त्या दर खेपेला सांगत. महादेव हसायचा. “वय झालं आक्का. पायात ताकद न्हाय आता.”

एकदा मी शेजारी बसले असताना ब्रेक दाबूनही गाडी पुढच्या टेंपोला टेकता टेकता थांबली. त्यानंतर आक्कांनी सदलग्याला जाणं सोडलं. बसनं जा म्हटलं, तर “माझ्या पायांचं काय खरं न्हाय गं” म्हणायच्या.

असे कितीतरी रविवार गेले. शेवटी एका सकाळी त्या मला घेऊन गॅरेजात गेल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. “इंजिनाच्या रबरी नळ्या एकेक काढ, तोंड बंद कर. जादा हवा कुठनं शिरत्या ते कळंपर्यंत मी उठणार न्हाय.”

महादेव कुरकुरत कामाला लागला. ब्रेककडं जाणारी जाड नळी काढून त्यानं इंजिनाकडचं तोंड अंगठ्यानं दाबलं, आणि रेस झटकन उतरली. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा आतला पडदा फाटला होता. तिथूनच हवा शिरत होती आणि त्यामुळंच ब्रेक कडक झाला होता.

“नळी जोड. बस आत. दाब ब्रेक,” आक्का म्हणाल्या. त्यानं दाबला; त्यालाही जोर लावावा लागला. “आता सांग, कुणाच्या पायात ताकद न्हाय?”

महादेवनं नवा बूस्टर मागवला.

नवा बूस्टर बसला. मला वाटलं, आक्का खूश असतील. पण फाटकाशी गाडी थांबवून म्हणाल्या, “रोज भिंतीला पाय लावून दाबून बघायची मी. मला माझाच संशय यायला लागलता.”

त्या रविवारी त्या एकट्याच सदलग्याला गेल्या. संध्याकाळी परतल्या आणि चपला न काढता पायरीवर बसल्या.

“ओळखलं न्हाय गं तिनं.”

पुढं बहीण गेली, मागोमाग आक्काही गेल्या. पण त्या पायरीवरचा त्यांचा चेहरा मला दिसतो, तेव्हा अजून राग येतो. बूस्टर बदलून मिळाला. मधले रविवार कुणी बदलून देणार नव्हतं.